दोन आठवडे आणि पंचावन्न वर्षं

१९६० सालच्या जुलैत वेस्ट इंडीजच्या विद्यापीठातले तीन जण जमैकाच्या किंग्स्टन शहराच्या पश्चिमेकडच्या झोपडवस्त्यांमधून दोन आठवडे हिंडत होते. एम. जी. स्मिथ हे मानववंशशास्त्रज्ञ, रॉय ओजिए इतिहासाचे प्राध्यापक, आणि रेक्स नेटलफर्ड जेमतेम सत्तावीस वर्षांचे. नेटलफर्ड पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि जमैकाची राष्ट्रीय नृत्यसंस्था उभारणारे नर्तक म्हणूनही गाजले. समाजशास्त्रीय अहवालाच्या लेखकांत एक नर्तक असावा, हे मला फार आवडतं. या तिघांच्या अहवालावरूनच मला विचारायचंय, की संशोधन संस्थेच्या कामाचा हिशेब वर्षाच्या मापानं करता येतो का.

ते ज्या वस्त्यांत गेले तिथं ‘यार्ड’ असतात. कुंपणाआड दाटीनं उभ्या खोल्या, मधे सगळ्यांचा मिळून एक नळ, कोपऱ्यात संडास. आपल्या चाळीची आठवण व्हावी, फक्त वरचे मजले नाहीत. त्याहून वाईट स्थिती बॅक-ओ-वॉलसारख्या वस्त्यांची होती. खोक्यांच्या फळ्या आणि गंजके पत्रे जोडून उभी केलेली खोपटी, पाणी नाही, दिवे नाहीत. पश्चिम किंग्स्टनच्याच ट्रेंचटाउनमध्ये तेव्हा पंधरा वर्षांचा बॉब मार्ली राहत होता. अर्थात, त्याचं नाव तेव्हा कुणाला माहीत असणार?

या वस्त्यांत रास्ताफारी पंथाची माणसं, म्हणजे रास्ता, होती. इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासी हा साक्षात देव, आफ्रिका हीच आपली मायभूमी आणि एक दिवस तिकडं परत जायचं, ही त्यांची श्रद्धा. डोक्यावर जटा, आणि उपासनेत गांजा. गांजाला जमैकात गांजाच म्हणतात. १८४५ पासून ऊसमळ्यांवर करारानं गेलेल्या हिंदी मजुरांनी ते झाड आणि तो शब्द दोन्ही तिकडं नेलं. शहरातल्या पांढरपेशांना या जटाधाऱ्यांची धास्ती होती, आणि त्या वर्षी ती शिगेला पोचली होती. क्लॉडियस हेन्री नावाच्या धर्मोपदेशकाच्या ठिकाणावर धाड पडून शस्त्रं सापडली, पाठोपाठ त्याच्या मुलाच्या टोळीशी झालेल्या चकमकीत दोन ब्रिटिश सैनिक मारले गेले. मग पोलिसांना जटा दिसल्या की पुरे. अशा वेळी रास्तांपैकीच काही जण विद्यापीठाकडे आले: आम्ही कोण आहोत हे तुम्ही तरी नीट लिहा.

विद्यापीठाचे प्राचार्य होते आर्थर लुईस. त्यांनी तिघांना पाठवलं, आणि जुलै सरायच्या आत अहवाल प्रीमियर नॉर्मन मॅन्ली यांच्या टेबलावर ठेवला. बहुसंख्य रास्ता शांतताप्रिय आहेत, त्यांचा छळ थांबवा. वस्त्यांना पाणी, दिवे, सांडपाण्याची सोय द्या. स्वस्त घरं बांधा. आणि आफ्रिकेत परतण्याची त्यांची मागणी हसण्यावारी न नेता तिकडच्या सरकारांशी बोलायला एक शिष्टमंडळ धाडा. पुढच्याच वर्षी शिष्टमंडळ खरोखर गेलं, आणि त्यात रास्ताही होते.

हा अहवाल छापला विद्यापीठाच्या सामाजिक-आर्थिक संशोधन संस्थेनं. आज ती सर आर्थर लुईस सामाजिक आणि आर्थिक अभ्यास संस्था या नावानं ओळखली जाते. अशा संस्था दरवर्षी आपल्या कामगिरीचा अहवाल काढतात. शोधनिबंध किती, परिषदा किती, पीएच.डी. किती, अनुदान किती आलं. या लेखाचा विषय तो हिशेबच आहे. माझं म्हणणं असं, की समाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं काम मोजायला वर्ष हे मापच चुकीचं आहे. धान्य फूटपट्टीनं मोजावं तसं ते होतं.

रास्ता अहवालाचंच पाहा. १९६० च्या तक्त्यात तो ‘एक पुस्तिका’ म्हणून बसला असता. आजच्या मापानं तेवढाही नाही, कारण दोन आठवड्यांचं क्षेत्रकाम, समीक्षकांकडून तपासणी नाही, घाईत लिहिलेला. घाईची टीका तेव्हाही झालीच. त्यातून निघालं काय, हे तीन वर्षांनी तपासलं असतं तर उत्तर आलं असतं: काही नाही, किंबहुना उलटंच. १९६३ च्या एप्रिलात, ईस्टरच्या आठवड्यात, माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स इथं एका हिंसक घटनेनंतर पोलिसांनी रास्तांची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण केली, जटा कापल्या. त्या प्रकरणात आठ जण मेले. १९६६ मध्ये हाइले सेलासी जमैकात आला तेव्हा विमानतळावर माणसांचा पूर लोटला, आणि त्याच वर्षी बॅक-ओ-वॉलवर बुलडोझर फिरला. अहवालात घरांची शिफारस होती, बुलडोझरची नव्हती.

पण धागा तुटला नाही. विद्यापीठातलेच बॅरी शेव्हान हे मानववंशशास्त्रज्ञ आयुष्यभर रास्तांचा अभ्यास करत राहिले, सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले, आणि सरकारनं गांजाविषयी राष्ट्रीय आयोग नेमला तेव्हा त्याचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २००१ मध्ये आयोगानं सांगितलं की प्रौढ माणसानं स्वतःपुरता, खासगीत घेतलेला गांजा हा गुन्हा धरू नये. तेही बासनात गेलं. कायदा बदलला २०१५ मध्ये. दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, आणि रास्तांच्या उपासनेतल्या गांजाला कायद्यानं मान्यता मिळाली. २०१७ मध्ये पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी कोरल गार्डन्सबद्दल संसदेत माफी मागितली. शेव्हान २०१० मध्येच वारले होते.

दोन आठवड्यांचं काम, पंचावन्न वर्षांचा पल्ला. ही ‘कामगिरी’ संस्थेनं कुठल्या वर्षाच्या अहवालात लिहायची?

माणसाच्या आणि संस्थेच्या गोष्टी इथं एकमेकींत अडकलेल्या आहेत. लुईस मूळचे सेंट लुशिया बेटाचे. त्या बेटाची वस्ती आजही दोन लाखांच्या आत आहे, आणि नोबेल मिळवणारे दोन: लुईस १९७९ मध्ये अर्थशास्त्रासाठी आणि डेरेक वॉलकट १९९२ मध्ये साहित्यासाठी. दोघांचा वाढदिवसही एकच, २३ जानेवारी. लुईस चौदाव्या वर्षी शाळा संपवून सरकारी कचेरीत कारकून झाले. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं, पण वसाहतीच्या सरकारात काळ्या इंजिनिअरला नोकरी कोण देणार, म्हणून लंडनला जाऊन वाणिज्य शिकले आणि त्यातून अर्थशास्त्राकडे वळले. शेतीत दाटलेली जास्तीची माणसं कमी मजुरीत कारखानदारीकडे वळतात आणि त्यातून भांडवल साठतं, हे त्यांचं १९५४ चं प्रतिपादन आपल्याकडे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावं लागतं. ती कल्पना आपल्याला १९५२ च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना सुचली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. ‘रस्त्यावरून चालणं’ यासाठी कुठल्याही वार्षिक तक्त्यात रकाना नसतो.

विद्यापीठ महाविद्यालय म्हणून १९४८ मध्ये किंग्स्टनच्या कडेला मोना इथं सुरू झालं, पहिली तुकडी वैद्यकाच्या तेहतीस विद्यार्थ्यांची. संशोधन संस्थाही त्याच सालची. जागा जुन्या ऊसमळ्याची. गुलामांच्या काळात पाणी वाहून नेणारा दगडी कालवा आजही आवारात उभा आहे. तिथलं प्रार्थनामंदिर तर मूळचं दुसऱ्या एका मळ्यावरचं कोठार. ते दगड दगड सुटा करून मोनाला आणलं आणि पुन्हा रचलं. छताच्या खालच्या पट्टीवर मळेवाल्याचं नाव आणि १७९९ हे साल अजून वाचता येतं. १९५३ पासून संस्थेचं त्रैमासिक निघतं. १९९९ मध्ये दोन-तीन संस्था एकत्र करून आजची संस्था झाली आणि तिला लुईस यांचं नाव मिळालं.

गंमत अशी, की या संस्थेतली उत्तम डोकी लुईस यांच्याशी भांडण्यात खर्ची पडली. बाहेरचं भांडवल बोलवा, कारखाने काढा, बेटांना तोच मार्ग, असं लुईस १९५० मध्ये म्हणाले होते. लॉइड बेस्ट, जॉर्ज बेकफर्ड, नॉर्मन गर्व्हन या पुढच्या पिढीनं उत्तर दिलं की बाहेरून आलेलं भांडवल इथं ऊसमळाच चालवतं, फक्त पीक बदलतं. साखरेच्या जागी बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. गर्व्हन यांचं जमैकातल्या परकी भांडवलावरचं पुस्तक संस्थेनं १९७१ मध्ये छापलं. परदेशी कंपन्या माती नेतात, देशाला कर किरकोळ मिळतो, आणि मालाची किंमत कंपनीची एक शाखा दुसऱ्या शाखेसाठी ठरवते, हे त्यात मांडलं होतं. १९७४ मध्ये मायकेल मॅन्ली यांच्या सरकारनं बॉक्साइटवर नवी लेव्ही, म्हणजे नवा कर, बसवली, ॲल्युमिनियमच्या जागतिक भावाशी जोडलेली. सरकारचं उत्पन्न एका वर्षात कित्येक पट झालं. बॉक्साइट निर्यात करणाऱ्या देशांची संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली, तिची कचेरी किंग्स्टनला. गर्व्हन पुढे सरकारच्या नियोजन यंत्रणेचे प्रमुख झाले. मग कंपन्यांनी हात आखडता घेतला, ऑस्ट्रेलिया आणि गिनीतल्या खाणी वाढल्या, जमैकाचं उत्पादन घसरलं.

आता हे यश म्हणायचं की फसगत? माझ्या मते प्रश्न बरोबर होता, आकडेमोड बरोबर होती, आणि सौद्यातली जमैकाची ताकद मोजण्यात चूक झाली. हे सगळं वाद घालण्याजोगं आहे, आणि अहवालात हवा तो हाच वाद. ‘१९७१: प्रकाशनं’ या शीर्षकाखाली तो मावत नाही.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. हे विद्यापीठ दीड डझनाच्या आसपास देश-प्रदेशांच्या सरकारांच्या पैशावर चालतं, आणि त्यांतले बरेच देश आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. तिथलं आर्थिक वर्ष कागदावर काहीही असो, खरं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३० नोव्हेंबरला श्वास सोडतं, कारण तो चक्रीवादळांचा हंगाम. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळानं ग्रेनाडाचं कॅरियाकू बेट जवळजवळ सपाट केलं. ज्या अर्थमंत्र्याला बेटावरची छपरं पुन्हा घालायची आहेत त्यानं विद्यापीठाच्या वर्गणीचा धनादेश लिहिताना ‘वर्षभर काय केलंत’ असं विचारलं, तर त्यात गैर काय? संशोधक मंडळी ‘आमचं काम दीर्घ पल्ल्याचं’ या छत्रीखाली आरामात डुलकी काढू शकतात, हेही मी पाहिलंय. हिशेब हवाच. पण कुठला?

एका शहरातल्या संशोधन संस्थेत (नाव नको) माझे एक ओळखीचे गृहस्थ तीस वर्षं अन्वेषक होते. खेडोपाडी जाऊन प्रश्नावल्या भरून आणायच्या, हे काम. मार्च आला की कचेरीत तक्ता फिरायचा, आणि त्यात अन्वेषकाला जागाच नसायची. निबंध ज्यांच्या नावावर ते तक्त्यात. गृहस्थांची सवय अशी की प्रश्नावलीच्या समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहायचे. ‘बाई सांगते म्हैस नाही, गोठ्यात ताजं शेण आहे.’ ‘उत्तर सासऱ्यानं दिलं.’ पुढे संस्थेला जागा कमी पडली, आणि त्या वह्या रद्दीत गेल्या. आकडे संगणकात आहेत. शेण नाही.

म्हणून मला वाटतं, वार्षिक हिशेबात पहिला प्रश्न हा असावा: प्रश्न कुणी ठरवला? कॅरिबियनच्या बाबतीत हे फार झोंबतं. १९४० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांना आणि पाद्र्यांना पडलेला प्रश्न होता, ही माणसं लग्न का करत नाहीत? घरोघरी मुलं, पण नवरा-बायकोचं लग्न झालेलं नाही, म्हणजे नीतीचा ऱ्हास. उपाय म्हणून गव्हर्नरच्या पत्नीच्या पुढाकारानं सामुदायिक लग्नांची मोहीम निघाली आणि काही वर्षांत थंडावली. त्याच सुमारास एडिथ क्लार्क या जमैकन बाईंनी तीन गावं निवडून घरोघर पाहणी केली. त्यांना दिसलं ते वेगळंच. ज्या गावात शेतकऱ्यांकडे बरी जमीन, तिथं लग्नं होत होती. उसाच्या गावात तोडणीच्या हंगामात पुरुष कामाला येत, संसार जुळत, हंगाम उलगडला की विस्कटत. लग्न ही तिथं संसाराची सुरुवात नव्हती. घर, जमीन, हातात थोडा पैसा आला की मग करायची ती गोष्ट. म्हणजे प्रश्न नीतीचा नव्हताच, जमिनीचा होता.

हीच वाट संस्थेच्या बार्बाडोसमधल्या केव्ह हिल शाखेनं पुढे नेली. जॉयसलिन मसाया यांच्या नेतृत्वाखाली १९७९ ते १९८२ या काळात पूर्व कॅरिबियनमधल्या स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. ‘नोकरी करता का’ एवढंच विचारून थांबलं तर निम्म्या बायका ‘काही करत नाही’ या खान्यात पडतात. या अभ्यासानं विचारलं, पोट कशावर चालतं? मग टोपलीतून विकलेली भाजी आली, परदेशातल्या भावानं पाठवलेले पैसे आले, मुलाच्या बापाकडून कधीमधी येणारी मदत आली, शेजारणीच्या शिवणकामातला वाटा आला. प्रश्न बदलला आणि तीच बाई ‘बेकार’ची ‘घर चालवणारी’ झाली. असा प्रश्न वॉशिंग्टनहून आलेल्या कंत्राटात छापून येत नाही.

आज लहान देशांतल्या संस्थांवर खरा दाब तो आहे. सरकारांची वर्गणी थकते, मग बाहेरच्या देणगीदारांची कामं घ्यावी लागतात. काम तीन वर्षांचं, प्रश्न त्यांचा, भाषा त्यांची, निष्कर्षांचा साचासुद्धा पुष्कळदा आधीच तयार. अशा कामांनी वार्षिक तक्ता छान भरतो. अनुदानाचा आकडा फुगतो, परिषदा होतात, फोटो निघतात. आणि बॅक-ओ-वॉलमधून कुणी दार ठोठावायला आलं, की सगळे जण त्या आठवड्यात अंतिम मुदतीत अडकलेले असतात. लुईस यांचं मोठेपण मला नोबेलपेक्षा तिथं दिसतं: दार ठोठावल्यावर त्यांनी तिघांना मोकळं केलं.

आपल्याकडचा इतिहास काही निराळा नाही. पुण्याच्या गोखले संस्थेनं धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी १९३०-४० च्या दरम्यान केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये निघाला आणि दुसरा १९५२ मध्ये. आजच्या नियमांत तो प्रकल्प ‘मुदतीत पूर्ण न झालेला’ म्हणून बंद झाला असता. ज्यांच्या नावानं ती संस्था आहे त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचा तर कॅरिबियनशी थेट संबंध येतो. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला की करारबद्ध मजुरांची ही पद्धत, जी हिंदी माणसांना त्रिनिदाद, गियाना, जमैका, फिजीच्या मळ्यांवर नेते, ती बंद करा. सरकारी बहुमतापुढे ठराव पडला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत वारले, लुईस यांच्या जन्मानंतर महिन्याभरानं. पद्धत थांबली १९१७ मध्ये. १९१२ च्या तक्त्यात लिहायचं झालं तर: ठराव मांडले एक, मंजूर शून्य.

मला विचाराल तर मोना, केव्ह हिल आणि त्रिनिदादमधल्या सेंट ऑगस्टीनच्या शाखांनी आपला अहवाल जरूर काढावा, पण त्यात निम्मी पानं जुन्या कामाला द्यावीत. वीस वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं, कुणी ऐकलं, कुणी नाही, आपलं काय चुकलं, त्या वस्तीत आज कोण राहतं. वह्या जपाव्यात, समासासकट. आणि चार पानांत, बाजारात बोलतात त्या बोलीत, ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवावं. अर्थमंत्र्यालाही हे जास्त उपयोगाचं पडेल. निबंधांची संख्या घेऊन तो काय करणार?

पल्ला लांबचा असतो म्हणून सुरुवातही निवांत करावी असं मात्र नाही. त्रिनिदादमधली कॅरोनी ही सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये गुंडाळली गेली. नऊ हजारांच्या आसपास कामगार एका फटक्यात घरी बसले, त्यांतले बहुसंख्य गोखले ज्यांच्यासाठी भांडले त्यांची नातवंडं-पतवंडं. त्यांना दोन-दोन एकर शेतजमीन भाडेपट्ट्यानं आणि घरासाठी भूखंड द्यायचं ठरलं होतं. ते हाती पडायला कित्येकांना वर्षानुवर्षं लागली. त्या दोन एकरांचं पुढे काय झालं, ऊस तोडणाऱ्या हातांनी भाजी लावली का, पोरं कुठं गेली, हे सेंट ऑगस्टीनहून तासाभराच्या मोटारप्रवासात घरोघर जाऊन विचारता येईल. तेव्हा पन्नाशीत असलेले कामगार आता सत्तरी ओलांडून गेलेत. पुढच्या अनुदानाची वाट पाहिली तर विचारायला ते असतीलच असं नाही.